लिव्हिंग्स्टन आणि शरणपूरचीं मुलें

नाशिक क्षेत्रीं दरवर्षीं हजारों माणसें आपल्या आप्तांच्या अस्थि घेऊन येतात. कोणी वऱ्हाडांतून, कोणी खानदेशांतून, कोणी त्याहूनही दुरून, भांड्याच्या तोंडाला फडकें बांधून रामकुंडाची वाट विचारीत येतो. मृताचें जें कांहीं उरलें तें योग्य ठिकाणीं पोंचविल्यावांचून जिवंताचें ऋण फिटत नाहीं, ही भावना या गांवास कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. परंतु याच गांवाच्या पश्चिमेस शरणपूर येथें वाढलेल्या कांहीं परदेशी मुलांनीं असेंच एक ऋण फेडण्यासाठीं आफ्रिकेच्या रानांतून एका गोऱ्या मनुष्याचें प्रेत समुद्रापर्यंत पोंचविण्यास हातभार लाविला, ही गोष्ट शरणपूर रस्त्यानें रोज येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. तो मनुष्य म्हणजे सुप्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन होय.

त्याचें नांव शाळेंत भूगोल शिकलेल्या बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. परंतु तो स्वभावानें कसा होता, व कोणत्या हेतूनें त्यानें आयुष्याचीं तीस वर्षें अनोळखी मुलुखांत घालविलीं, याविषयीं दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्यास निव्वळ साधु समजतो. दुसरा म्हणतो, तो कीर्तीचा लोभी व परसत्तेचा वाटाड्या होता. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष तराजूचें एकेकच पारडें पाहतात. आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत. जमा आणि नांवें या दोन्ही बाजू पाहिल्यावांचून खातें बंद करूं नये हें त्यांस सांगणें नको. त्याच रीतीनें आज आम्ही या मनुष्याचें खातें मांडणार आहों.

लिव्हिंग्स्टनाचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडांतील ब्लँटायर गांवीं झाला. बाप दारोदार चहा विकणारा. सारें कुटुंब गिरणीच्या चाळींत एका खोलींत राहणारें. दहाव्या वर्षीं हा मुलगा कापसाच्या गिरणींत तुटलेले धागे सांधण्याच्या कामास लागला. काम सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत चाले. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतून त्यानें लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें. पुस्तक यंत्राच्या चौकटीवर उघडें ठेवावें, आणि येतां जातां एक एक वाक्य डोळ्यांखालीं घालावें, हा त्याचा अभ्यास. रात्रीं पुन्हां गिरणीची शाळा. असा मनुष्य पुढें वैद्य झाला, तो कोणाच्या वशिल्यानें झाला नाहीं. स्वतःच्या देहाकडून वाटेल तेवढें काम करून घेतां येतें हा धडा त्यास गिरणीनें दिला. दुसऱ्याचा देह आपल्या देहासारखा नसतो हें मात्र तो पुरतेपणीं कधींच शिकला नाहीं. त्याच्या गुणदोषांचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

वैद्य व धर्मोपदेशक म्हणून चीन देशीं जावें असा त्याचा बेत होता; परंतु त्या वेळीं इंग्रजांचें चीनशीं अफूचें युद्ध जुंपल्यामुळें ती वाट बंद झाली, आणि १८४० च्या डिसेंबरांत तो दक्षिण आफ्रिकेस निघाला. जहाजावरील दिवस त्यानें वायां घालविले नाहींत. कप्तानाजवळ बसून सूर्यचंद्राची व ताऱ्यांची उंची मोजून आपलें स्थान कसें काढावें ही विद्या त्यानें शिकून घेतली. पुढें ज्या मुलुखाचा नकाशाच नव्हता तेथें हीच विद्या त्याच्या उपयोगी पडली. आणि खुद्द महासागरावरही ती एकदां त्याचा प्राण वांचविणार होती.

१८४४ सालीं एका सिंहानें त्याचा डावा हात खांद्याजवळ चावून मोडला. हाड वेडेंवांकडें जुळलें. तो हात पुन्हां कधीं नीट वर उचलला नाहीं. वाचकांनीं ही खूण लक्षांत ठेवावी. तशा स्थितींत त्यानें कलहारीचें वाळवंट ओलांडलें, १८५१ सालीं झांबेझी नदी गांठली, आणि बायकामुलांस इंग्लंडास पाठवून देऊन १८५२ पासून १८५६ पर्यंत आफ्रिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पालथें घातलें. १८५५ च्या नोव्हेंबरांत त्यानें तो प्रचंड धबधबा पाहिला व त्यास आपल्या राणीचें नांव दिलें. स्थानिक लोकांचें त्यास स्वतःचें नांव अगोदरपासून होतेंच.

या प्रवासांतील एक प्रसंग आम्हांस धबधब्याहून मोठा वाटतो. मकोलोलो जातीच्या राजानें त्यास २७ माणसें दिलीं होतीं, व त्यांस सुखरूप परत आणीन असा शब्द त्यानें दिला होता. १८५४ च्या मे महिन्यांत ही मंडळी पश्चिम किनाऱ्यावर लुआंडा बंदरांत पोंचली, तेव्हां लिव्हिंग्स्टन तापानें व अतिसारानें अस्थिपंजर झाला होता. बंदरांतील इंग्रजी लढाऊ जहाजांच्या अधिकाऱ्यांनीं त्यास स्वदेशीं नेण्याची तयारी दाखविली. घरीं बायको होती, मुलें होतीं, कीर्ति वाट पाहत होती. तो जहाजावर चढला नाहीं. बरा होतांच तो त्या २७ माणसांस घेऊन पुन्हां त्याच रानांत शिरला, व सुमारें वर्षभरानें त्यांस त्यांच्या गांवीं पोंचतें केलें. काळ्या मनुष्यास दिलेला शब्दही शब्दच असतो असें मानणारे गोरे त्या काळीं फार नव्हते.

ही झाली जमेची बाजू. आतां नांवें बाजू पाहूं. १८५७ सालीं त्याच्या प्रवासाचें पुस्तक निघालें व त्याच्या हजारों प्रति खपल्या. विलायतेनें त्यास डोक्यावर घेतलें, आणि सरकारनें १८५८ सालीं त्याच्या हाताखालीं झांबेझीवर मोठी मोहीम पाठविली. या नदीनें आगबोटी थेट खंडाच्या पोटांत जातील, व्यापार वाढेल, आणि व्यापार वाढला म्हणजे माणसांची विक्री आपोआप बंद पडेल, असा त्याचा सिद्धांत होता. परंतु मागील प्रवासांत जवळची वाट धरल्यामुळें त्यानें नदीचा एक भाग पाहिलाच नव्हता. आणि नेमक्या त्याच भागांत काहोरा-बासा येथें असे धोंडे व उतार निघाले कीं आगबोट पुढें जाणें अशक्य झालें. चूक कबूल करणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. हाताखालच्या गोऱ्या सोबत्यांशीं त्याचें पटेना. चित्रकार बेन्स यास पुरती चौकशी न करतां चोरीच्या आरोपावरून त्यानें काढून टाकिलें. त्याच्या आशादायक वर्णनांवर विश्वासून जे धर्मोपदेशक बायकामुलांसह आले, त्यांतले बहुतेक तापानें मेले. त्याची पत्नी मेरी त्यास भेटावयास आली, ती २७ एप्रिल १८६२ रोजीं झांबेझीच्या कांठीं शुपांगा येथें वारली. थोरला मुलगा बापाला दुरावून अमेरिकेंतील यादवी युद्धांत शिपाई झाला व १८६४ सालीं तिकडेच मेला. परक्यांच्या मुलांसाठीं जो रानोमाळ फिरला त्याचीं स्वतःचीं मुलें बापावांचून वाढलीं, हें खात्यांत लिहावेंच लागेल.

अखेर सरकारनें ती मोहीम परत बोलाविली. आतां त्याच्याजवळ एक लहानशी आगबोट तेवढी राहिली, तिचें नांव लेडी न्यासा. पुस्तकाच्या उत्पन्नांतून सुमारें ६००० पौंड घालून त्यानें ती सरोवरावरील गुलामांची वाहतूक अडविण्यासाठीं बांधविली होती. ती विकणें भाग होतें, आणि पोर्तुगीज गिऱ्हाईक जवळच होतें. परंतु त्यांच्या हातीं गेली तर ती उद्यां गुलामच वाहील, हें तो जाणून होता. म्हणून तें गिऱ्हाईक त्यानें नाकारिलें व बोट मुंबईस नेऊन विकण्याचें ठरविलें. अंतर २५०० मैलांचें. बोट नदीवर चालण्यासाठीं बांधलेली. कोळसा १४ टन. आणि कप्तान तो स्वतः. बरोबर तिघे युरोपियन, ज्यांनीं पूर्वीं समुद्र पाहिला नव्हता असे झांबेझीकांठचे सात गडी, आणि गुलामांच्या तांड्यांतून सोडविलेले चुमा व विकातानी हे दोन मुलगे.

३० एप्रिल १८६४ रोजीं ही बोट झांजिबार ऊर्फ जंगबार सोडून निघाली. कोंकणचे कोळी व खारवी मोसमी पाऊस तोंडावर आला म्हणजे आपलीं गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवितात. नेमका त्याच वेळीं हा मनुष्य भर समुद्रांत होता. कित्येक दिवस वारा पडून बोट जागच्या जागीं राहिली. मग वादळाचे तडाखे सुरू झाले. तरुणपणीं कप्तानाजवळ शिकलेली ती विद्या आतां कामास आली. ४५ दिवसांनीं, १३ जून १८६४ रोजीं, लेडी न्यासा धुक्यांतून मुंबई बंदरांत शिरली. ती इतकी लहान होती कीं ती आलेली कोणाच्या लक्षांतही आली नाहीं. पुढील वर्षीं ती अवघ्या २३०० पौंडांस विकली गेली; आणि तोही पैसा ज्या पेढींत ठेविला ती पेढी, अमेरिकेंतील युद्ध संपून कापसाचा भाव कोसळल्यावर मुंबईंत ज्या अनेक पेढ्या बुडाल्या, त्यांबरोबर बुडाली. ६००० पौंडांचें भांडवल एका तत्त्वासाठीं शून्य झालें. हेतूची परीक्षा तोंडच्या भाषेनें होत नाहीं. कोणतें गिऱ्हाईक आपण परत पाठविलें यावरून ती होते.

चुमा व विकातानी या मुलांस त्यानें मुंबईंत डॉ. विल्सन यांच्या देखरेखीखालीं ठेविलें, आणि १८६५ च्या सप्टेंबरांत तो पुन्हां मुंबईस आला. येथें आमच्या नाशिकाचा संबंध येतो. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेलीं जाणारीं आफ्रिकन मुलें इंग्रजी आरमार समुद्रावर पकडून मुंबईस आणी, व त्यांतील अनेकांस शरणपूरच्या ख्रिस्ती आश्रमांत ठेवून लिहिणेंवाचणें व सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकविले जात. लिव्हिंग्स्टनानें आपल्या नव्या प्रवासासाठीं या शाळेंतून नऊ मुलें घेतलीं. मुंबईच्या नागरिकांनीं वर्गणी जमवून दिली. आणि ३ जानेवारी १८६६ रोजीं ही मंडळी समुद्रमार्गें झांजिबारास निघाली. परदेशगमनानें जात जाते कीं राहते याचा खल आपल्या समाजांत ज्या काळीं चालूं होता, त्याच काळीं हीं पोरकीं मुलें आमच्या वेशींतून निघून समुद्र ओलांडून गेलीं.

या शेवटच्या प्रवासास त्याचे हेतु दोन होते, व ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. गुलामांचा व्यापार मुळांत कसा चालतो तें जगास दाखवावें, हा एक. आणि नील नदीचा उगम शोधून काढण्याचा मान आपणांस मिळावा, हा दुसरा. पहिला हेतु उदार होता. दुसऱ्यांत अभिमान मिसळलेला होता. सहा महिने सरत न सरत तों हिंदी शिपायांस त्यानें परत लाविलें, कोमोरो बेटांतून आलेले नोकर पळून गेले व त्यांनीं त्याच्या मरणाची खोटी बातमी पसरविली. १८६७ च्या आरंभीं औषधांची पेटी नाहींशी झाली. शरणपूरच्या मुलांतलींही कांहीं सोडून गेलीं. आणि त्यांचा दोष सगळा त्यांचाच होता असें आम्ही म्हणणार नाहीं, कारण धन्याची जीभ कडक व वाटचाल निर्दय होती.

दैवाची थट्टा अशी कीं, एकाकी व आजारी झाल्यावर ज्यांचा व्यापार बुडविण्यास तो निघाला होता त्याच अरब व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्यास राहावें लागलें. त्यांनीं त्याची शुश्रूषा केली, त्यास अन्न दिलें. पुढें १५ जुलै १८७१ रोजीं न्यांग्वे गांवच्या बाजारांत अशाच व्यापाऱ्यांच्या माणसांनीं बाजारास आलेल्या जमावावर बंदुका झाडल्या. जमावांत बायका फार होत्या. शेंकडों माणसें गोळ्यांनीं व नदींत बुडून मेलीं. लिव्हिंग्स्टन तेथेंच उभा होता. शाई व कागद संपल्यामुळें जुन्या वर्तमानपत्राच्या पानांवर झाडाच्या रसानें त्यानें तो वृत्तांत लिहिला. हीं फिकट पानें २०११ सालीं विशेष प्रकाशाच्या साहाय्यानें वाचण्यांत आलीं, तेव्हां मूळ नोंद व त्यानेंच नंतर केलेली स्वच्छ प्रत यांत फरक असल्याचें दिसून आलें. तरीही या कत्तलीची हकीकत विलायतेंत पोंचतांच लोकमत खवळलें. मुंबईचे पूर्वींचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर झांजिबारास गेले, आणि जून १८७३ मध्यें तेथील सुलतानानें करारावर सही करून गुलामांचा बाजार बंद केला.

येथें आमच्या व्यापारी वाचकांस एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आफ्रिकेच्या आंत जाणारे हे तांडे अरबांचे खरे. परंतु त्यांस कापड, मणी, बंदुका व दारूगोळा उधार मिळे तो बहुतकरून झांजिबारांतील हिंदी सावकारांच्या पेढ्यांवरून. परत हस्तिदंत येई, आणि तो वाहून आणणाऱ्यांत गुलामही असत. पेढीवर बसलेल्या सावकारानें स्वतः कोणास साखळी घातली नाहीं; त्यानें फक्त व्याज लाविलें. लिव्हिंग्स्टनानें ही गोष्ट न भितां लिहिली, आणि ती आपल्या लोकांविषयीं आहे म्हणून आम्ही ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं.

१८७१ च्या अखेरीस स्टॅन्ले नांवाच्या वर्तमानपत्रकारानें त्यास उजीजी येथें गांठलें, परत चलण्याचा आग्रह केला. त्यानें ऐकिलें नाहीं. स्टॅन्लेनें किनाऱ्यावरून नवीं माणसें पाठविलीं, त्यांत शरणपुरास शिकलेलीं आणखी कांहीं मुलें होतीं. जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांपैकीं. पुढील पावसाळ्यांत दलदलींतून चालतां चालतां रक्तस्रावानें थकून, १ मे १८७३ रोजीं चितांबो या मुखियाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन झोपडींत मेला. सकाळीं सोबत्यांनीं पाहिलें तों तो बिछान्याशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत होता.

आतां त्या साठएक माणसांस विचारणारा कोणी नव्हता. प्रेत तेथेंच पुरून, मजुरीपुरतें सामान घेऊन जो तो आपल्या वाटेनें गेला असता तर जगांत कोणासही कळतें ना. परंतु चुमा, सुसी व त्यांच्या सोबत्यांनीं ठरविलें कीं धन्याचा देह व त्याचीं कागदपत्रें त्याच्या लोकांच्या हातीं दिलींच पाहिजेत. हृदय व आंतडीं त्यांनीं तेथेंच झाडाखालीं पुरलीं. जेकब वेनराइटनें अंत्यविधीची प्रार्थना वाचली व झाडावर मृताचें नांव कोरलें. मग देह मिठानें व उन्हानें वाळवून, सालींत व शिडाच्या कापडांत गुंडाळून, ते सुमारें नऊ महिने चालले. वाटेंत रोग आले. प्रेताच्या भयानें गांवांनीं वाट अडविली. एका इंग्रज मोहिमेच्या प्रमुखानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनीं तो नम्रपणें नाकारिला. एके ठिकाणीं तर, प्रेत परत पाठविलें असें भासवून, खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून त्यांस पुढें न्यावा लागला. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयो येथें समुद्रकांठीं पोंचले. तेथें मजुरी चुकती करून बहुतेकांस निरोप देण्यांत आला. जेकब वेनराइट मात्र देहाबरोबर विलायतेस गेला. लंडनांत वैद्यांनीं डाव्या दंडाचें तें वेडेंवांकडें जुळलेलें हाड पाहून ओळख पटविली. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत इंग्लंडच्या नामांकित पुरुषांबरोबर शरणपूरच्या शाळेंतला हा मुक्त झालेला गुलाम शवपेटीचा मानकरी म्हणून चालला. लंडनच्या भूगोल-मंडळानें पुढें या सर्वांसाठीं पदकें पाडविलीं. परंतु तोंवर बहुतेक माणसें पांगलीं होतीं. वेनराइट १८९२ सालीं आफ्रिकेंतच मेला.

आतां खातें मिटवूं. नील नदीचा उगम म्हणून ज्या लुआलाबा नदीसाठीं त्यानें प्राण वेंचला, ती नीलची नव्हतीच. १८७७ सालीं स्टॅन्ले तिच्या प्रवाहानें पश्चिम समुद्रास निघाला, आणि ती कांगो नदीचाच वरचा प्रवाह आहे हें सिद्ध झालें. म्हणजे अभिमानाचा हेतु फसला. व्यापार वाढला कीं गुलामगिरी जाईल, हा सिद्धांतही अपुरा ठरला. त्याच्या मागून गेलेल्या युरोपीय सत्तांनीं तें खंड आपसांत वांटून घेतलें, व कांगोंत लोकांस नव्या नांवानें गुलाम केलें. तो दोष सगळा त्याच्या माथीं मारतां येत नाहीं; पण वाट त्यानें दाखविली हें खरें. शिल्लक काय राहिली? लुआंड्याचा शब्द, परत पाठविलेलें गिऱ्हाईक, न्यांग्वेची साक्ष, आणि कोणाची बळजबरी नसतां हजार मैलांहून अधिक वाट चाललेलीं तीं माणसें. मालक मेल्यावर नोकर काय करतात यावरून मालकाचें खरें मोल कळतें. आणि या हिशेबांत त्या नोकरांचें मोल मालकाहून कमी भरत नाहीं. लिव्हिंग्स्टनाचे पुतळे झाले. त्यास खांद्यावर घेणाऱ्यांचीं नांवें त्यांच्या शाळेच्या गांवांतही विसरलीं गेलीं, ही लाज आमची आहे.

शेवटीं एक विनंती. माणसांची उघड विक्री गेली. वेठबिगारी आपल्या देशांत १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तरी ऊसतोडीस, वीटभट्टीस व मेंढ्यांमागें जाणाऱ्या गरीब कुटुंबांस आगाऊ उचल देऊन ती फिटेपर्यंत बांधून ठेवण्याची चाल अद्याप सर्वत्र नाहींशी झालेली नाहीं. त्या उचलीमागें कोणाचा तरी पैसा असतो, आणि तो पैसा देणारा स्वतः कोणास साखळी घालीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा हात अशा व्यवहारास दुरूनही लागत असेल, त्यांनीं आज रात्रीं दुकान बंद करण्यापूर्वीं आपली वही उघडून तें पान पाहावें, आणि परत पाठविण्यासारखें गिऱ्हाईक त्यांत कोणी आहे काय, याचा विचार करावा. शरणपुरास याहून चांगलें स्मारक आम्हांस सुचत नाहीं.